बकआय रस्त्यावरचे मग्यार देऊळ

अमेरिकेतील कोणत्याही मराठी मंडळाच्या वार्षिक सभेत एक विषय हमखास निघतो. तो म्हणजे स्वतःच्या वास्तूचा. गणेशोत्सवासाठी शाळेचे सभागृह भाड्याने घ्यावयाचे, आरती आटोपताच खुर्च्या जागच्या जागी लावून किल्ली परत करावयाची, या नित्याच्या धावपळीला कंटाळलेले कार्यकर्ते म्हणतात की, एकदा हक्काची इमारत झाली म्हणजे भाषा टिकेल, संस्कार टिकतील आणि मुले आपोआप येऊ लागतील. इमारत व्हावी याविषयी वाद असण्याचे कारण नाही. तिच्यापासून बाळगलेली अपेक्षा मात्र तपासून घेतली पाहिजे. आणि ती तपासावयाची तर मराठी माणसे या देशात येण्यापूर्वी पाऊणशे वर्षे ज्यांनी हाच खटाटोप केला, त्यांच्या वास्तूंकडे पाहणे अधिक शहाणपणाचे ठरेल. ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहरात बकआय नावाच्या रस्त्यावर हंगेरीच्या संत एलिझाबेथचे कॅथलिक चर्च उभे आहे. अमेरिकेतील हंगेरियन म्हणजेच मग्यार रोमन कॅथलिकांचा पहिला धर्मग्राम तो हाच. पॅरिशला धर्मग्राम हा शब्द वसईकडील मराठी ख्रिस्ती समाजात रुळलेला आहे, म्हणून तोच येथे योजला आहे.

या चर्चला जिचे नाव दिले आहे ती संत स्वतःच परदेशी गेलेली मुलगी होती. हंगेरीचा राजा दुसरा आंद्राश याची ही कन्या १२०७ साली जन्मली आणि अवघ्या चार वर्षांची असता वाग्दत्त वधू म्हणून जर्मन मुलखात, थुरिंगियाच्या दरबारात धाडली गेली. १२२६ च्या दुष्काळात पती दूर असताना तिने राजवाड्याची कोठारे गोरगरिबांसाठी खुली केली. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकास हा प्रसंग परका वाटणार नाही. दामाजीच्या मदतीला विठू महार होऊन पांडुरंग धावला. एलिझाबेथच्या ओच्यातील लपविलेल्या भाकरीची आख्यायिकेत गुलाबाची फुले झाली. चोविसाव्या वर्षी, १२३१ साली ती मारबुर्ग येथे वारली आणि चारच वर्षांनी तिला संतपद मिळाले. बाळपणी सोडलेला देश नावापुरता जवळ आणि सगळे आयुष्य मात्र दुसरीकडे, अशा स्त्रीस क्लीव्हलंडच्या मजुरांनी आपली आश्रयदात्री मानावे, हे मोठे समर्पक घडले आहे.

हे मजूर येथे राहावयास आलेच नव्हते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हंगेरीच्या खेड्यापाड्यांतून जे तरुण निघाले त्यांचा हिशेब सरळ होता: चार-पाच वर्षे ओतशाळेत राबावयाचे, पैसा साठवावयाचा आणि गावी परतून जमीन घ्यावयाची. क्लीव्हलंडच्या पूर्व भागातील लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यांना असे हात हवेच होते. एखादे मग्यार कुटुंब घर भाड्याने घेई, त्यात दहा-बारा एकटे पुरुष ठेवून घेई, आणि घरधनीण त्या सर्वांचे जेवण आणि धुणे सांभाळी. दिवसपाळीचा मनुष्य उठून गेला की त्याच अंथरुणावर रातपाळीचा येऊन पडे. या खाणावळवजा घरांतील बायकांनी उपसलेल्या कष्टांवर ही सारी वसाहत उभी राहिली, परंतु चर्चच्या इतिहासात नावे येतात ती धर्मगुरूंची आणि वास्तुकारांची.

आरंभी मग्यार आणि स्लोव्हाक या दोघांचा मिळून एकच धर्मग्राम होता. दोघेही हंगेरीच्या राज्यातूनच आलेले, दोघांचा धर्म एक, आणि तरीही एकत्र नांदणे जमेना. प्रवचन कोणत्या भाषेत व्हावयाचे, येथेच गाडे अडे. मायदेशी मग्यार सत्ताधारी आणि स्लोव्हाक दबलेले. ते वैर गलबतावर चढून बरोबर आले होते. पुढे १९०२ साली मग्यारांनी आपला राष्ट्रपुरुष लायोश कोशूत याचा पुतळा शहराच्या मुख्य चौकात बसविण्याचा घाट घातला, तेव्हा स्लोव्हाकांनी व त्यांच्या बांधवांनी असा विरोध केला की पुतळा शेवटी दूर युनिव्हर्सिटी सर्कल भागात न्यावा लागला. परदेशी मंडळांत फूट पडली की ती मराठी स्वभावाची खोड आहे, असे हळहळून म्हणण्याची चाल आहे. तो मान एकट्या मराठी माणसाकडे जात नाही.

मग्यारांची निराळी सोय करण्यासाठी १८९२ च्या डिसेंबरात हंगेरीहून फादर कारोय बोम क्लीव्हलंडला आले. अमेरिकेत त्यांस चार्ल्स म्हणत. पुढच्याच वर्षी त्यांनी एक लहानसे चर्च उभारले; पण त्यांचे खरे काम पाहावयाचे तर ते त्या भिंतींबाहेर पाहावे लागते. धर्मग्रामाला जोडून त्यांनी शाळा काढली. १८९४ मध्ये 'संत एलिझाबेथचा दूत' अशा अर्थाच्या नावाचे मग्यार भाषेतील पत्र सुरू केले. तेच पुढे 'कॅथलिक मग्यारांचा रविवार' या नावाने देशभर जाऊ लागले आणि एका शतकाहून अधिक काळ चालले. १९०७ पर्यंतच्या पंधरा वर्षांत बोम यांनी आगगाडीने हिंडून इतर गावांतील मग्यार वस्त्यांनाही मिस्सा, विवाह आणि बाप्तिस्मा यांची सोय करून दिली. या सगळ्या काळात त्यांच्यापाशी भव्य म्हणावी अशी वास्तू नव्हती. मराठी मंडळांच्या इमारत समित्यांनी हा क्रम नीट लक्षात घ्यावा: आधी शिक्षक आणि छापखाना, त्यानंतर पंचवीस वर्षांनी दगडाचे मनोरे.

ते मनोरे कोणत्या घडीला उभे राहू लागले, हा या कथेतील सर्वांत विचार करण्याजोगा भाग आहे. सध्याच्या चर्चचे बांधकाम १९१८ साली सुरू झाले आणि १९२२ साली पूर्ण झाले. अमेरिकेने ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारले ते १९१७ च्या डिसेंबरात. म्हणजे पायाभरणीच्या वर्षी बकआय रस्त्यावरचा ज्या मजुराने नागरिकत्व घेतले नव्हते तो कायद्याने शत्रुराष्ट्राचा प्रजाजन होता. बांधकाम चालू असतानाच, १९२० च्या जूनमध्ये, ट्रियानॉनच्या तहाने हंगेरीचा सुमारे दोनतृतीयांश प्रदेश तोडून शेजारच्या राष्ट्रांत वाटून टाकला. ज्या गावी परतून शेत घ्यावयाचे ते गाव एकाएकी चेकोस्लोव्हाकियात, रुमानियात नाहीतर युगोस्लाव्हियात गेले. चर्च पुरे झाल्यावर दोनच वर्षांनी, १९२४ च्या कायद्याने, अमेरिकेने हंगेरीतून येणाऱ्यांचा वार्षिक वाटा ४७३ माणसांवर आणून ठेवला. १९२० च्या सुमारास एकट्या क्लीव्हलंडमध्ये ४३ हजारांहून अधिक मग्यार होते, हे लक्षात घेतले म्हणजे ४७३ चा अर्थ उलगडतो. मागची वाट युद्धाने मोडली आणि पुढून येणारी माणसे कायद्याने अडविली.

तेव्हा १८९३ चे लहान चर्च हे परत जाणाऱ्यांचे होते आणि १९२२ चे दगडी चर्च हे राहणाऱ्यांचे आहे. कोणीही सभा भरवून तसा ठराव केला नसेल. परंतु मजुरीतून वाचविलेला पैसा गावच्या जमिनीऐवजी बकआय रस्त्यावरच्या दगडात घातला, यापरता स्पष्ट ठराव तो कोणता? मराठी मंडळे इमारतीचा विचार करतात तेव्हा खरे म्हणजे हाच प्रश्न त्यांच्यापुढे असतो, पण तो कोणी उच्चारीत नाही. 'निवृत्तीनंतर पुण्यात स्थायिक होणार' असे सांगणारे गृहस्थ जेव्हा सभागृहाच्या पायासाठी धनादेश लिहितात, तेव्हा त्यांचा हात त्यांच्या जिभेपेक्षा अधिक खरे बोलत असतो.

या १९२४ च्या कायद्याचा मराठी वाचकाशी आणखी एका बाजूने संबंध पोचतो. हंगेरीला निदान ४७३ तरी मिळाले. हिंदुस्थानातून येणाऱ्यांना १९१७ च्या कायद्यानेच दार बंद झालेले होते, आणि १९४६ साली ते उघडले तेही वर्षाला १०० माणसांपुरते. ही देशवार वाटणीची पद्धत १९६५ च्या कायद्याने मोडीत निघाली, म्हणून त्यानंतर मराठी डॉक्टर, अभियंते आणि त्यांचे कुटुंबीय येथे येऊ शकले. ज्या कायद्याने बकआय रस्त्यावरचा ओघ आटला, तो गेल्यावर मराठी मंडळांचा ओघ सुरू झाला.

आता वास्तूविषयी. एमिल उलरिख या वास्तुकाराने आखलेले हे दगडी चर्च रस्त्याकडे तोंड करून उभे आहे. दर्शनी बाजूस दोहों अंगांनी मनोरे, आणि एकंदर घडण जुन्या रोमन वळणाच्या, गोल कमानीच्या पद्धतीची. टोकदार कमान नजरेला वर खेचते. गोल कमान भिंतीचे वजन मुकाट्याने खाली उतरविते. ओतशाळेत वजने उचलणाऱ्या माणसांना ही दुसरी भाषा अधिक कळत असावी, असे म्हटल्यास कल्पनेचा फार अतिरेक होणार नाही. या रस्त्याच्या आसपास मग्यार सुधारक पंथीयांचे, ल्यूथरपंथीयांचे आणि ग्रीक कॅथलिकांचेही देऊळ असे. एका भाषेची माणसे चार दारांतून देवाकडे जात होती, म्हणून प्रत्येक दार दुरून ओळखू यावे लागे. जोडमनोऱ्यांचा हा व्यावहारिक उपयोगही विसरू नये.

चर्चचे हे रूप खास मग्यार आहे काय? नाही, आणि याचे कित्येकांना वैषम्य वाटते. त्याच काळात बुडापेस्टमध्ये ओडोन लेख्नर हा प्रतिभावान वास्तुकार मग्यार वास्तुशैली घडवू पाहत होता. मग्यारांचे मूळ पूर्वेकडे आहे या समजुतीने त्याने हिंदुस्थानातील अलंकरणाचा अभ्यास केला. त्याच्या १८९६ च्या उपयोजित कलांच्या संग्रहालयात आत पाऊल टाकले की मोगल वळणाच्या पाकळीदार कमानी दिसतात आणि हिंदी पाहुणा क्षणभर चक्रावतो. याच लेख्नरने आजच्या ब्रातिस्लाव्हा शहरात एक देखणे निळे चर्च बांधले, आणि तेही हंगेरीच्या संत एलिझाबेथचेच. क्लीव्हलंडच्या मग्यारांनी त्या वाटेने जाण्याचे मनात आणले नाही. राजधानीतल्या विद्वानांनी शोधलेले राष्ट्रीय रूप त्यांना नको होते; गावच्या चर्चसारखे दिसणारे, अमेरिकन शेजाऱ्यालाही चर्च म्हणून पटणारे घर त्यांना हवे होते. यात त्यांची चूक झाली असे म्हणवत नाही. कळस हेमाडपंती असावा की द्राविडी, यावर ज्या समित्यांच्या बैठका मध्यरात्रीपर्यंत रंगतात त्यांनी एवढे तरी जाणावे की, एलिझाबेथचे चर्च मग्यार ठरले ते त्यातील प्रार्थनेच्या भाषेमुळे, मनोऱ्यांच्या आकारामुळे नव्हे.

वास्तू पुरी होऊन पन्नास वर्षे होत आली तोवर तिच्याभोवतीचा समाज पांगला. दुसऱ्या महायुद्धानंतरचे निर्वासित आणि १९५६ च्या उठावानंतर पळून आलेले तरुण यांनी काही काळ नवे रक्त आणले खरे; पण मुले शिकली, उपनगरांत घरे घेती झाली, आणि १९६० व १९७० च्या दशकांत बकआय भागात कृष्णवर्णी कुटुंबे राहावयास येऊ लागताच हे स्थलांतर पळापळीत बदलले. या भागाला कर्ज देण्यास बँका हात आखडता घेत. त्याविरुद्ध राहिलेल्या गोऱ्या आणि आलेल्या काळ्या रहिवाशांनी मिळून १९७० च्या दशकात जी चळवळ उभारली, तिच्यात तेथील चर्चांचाही वाटा होता. जुन्या मग्यारांच्या आठवणीत हा काळ केवळ ऱ्हास म्हणून सांगितला जातो. तो एकांगी आहे. रस्ता ओस पडला नव्हता. त्यावरची माणसे बदलली होती, आणि ज्या कारणांसाठी मग्यार १८९० मध्ये तेथे आले त्याच कारणांसाठी, स्वस्त घर आणि जवळचे काम यांसाठी, ती आली होती. १९७६ साली हे चर्च ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत दाखल झाले. नोंदवहीने दगडाला मान मिळतो. रविवारी बाकांवर बसावयास माणसे मिळत नाहीत. ती उपनगरांतून मोटारी हाकीत यावी लागतात.

डेट्रॉइटमधल्या डेलरे वस्तीत याहून कठोर उदाहरण आहे. तेथील मग्यारांचा पवित्र क्रूसाचा धर्मग्राम १९०५ चा. सध्याचे चर्च १९२४-२५ मध्ये हेनरिक कोनर या हंगेरीत जन्मलेल्या वास्तुकाराने बांधले. दोन अष्टकोनी मनोरे असलेली ही वास्तू त्या वस्तीचा अभिमान होती. नंतर शहराचे सांडपाणी शुद्ध करणारे प्रचंड केंद्र तेथे आले आणि वाढत गेले, महामार्ग आला, कारखाने बंद पडले. आणि २०१८ पासून कॅनडाकडे जाणाऱ्या नव्या पुलाच्या कामासाठी उरलीसुरली घरेही गेली. १९३० च्या सुमारास वीस हजारांहून अधिक लोक जेथे राहत तेथे २०१० च्या खानेसुमारीत तीन हजारही भरले नाहीत. गवताळ रिकाम्या भूखंडांमध्ये ते अष्टकोनी मनोरे उभे राहिले. वास्तूला पाय नसतात, ही गोष्ट जागा निवडताना कोणी बोलून दाखवीत नाही. आज अमुक उपनगरात मराठी घरे अधिक, म्हणून भूखंड तेथेच घ्यावा, हा हिशेब पंधरा वर्षांपुरता बरोबर असतो. इमारत शंभर वर्षे टिकते.

मग ज्या वास्तू वाचतात त्या कशाने वाचतात? याचे उत्तर क्लीव्हलंडच्याच दुसऱ्या टोकाला मिळते. शहराच्या पश्चिम भागात संत एमेरिकचा मग्यार धर्मग्राम आहे, १९०४ साली स्थापन झालेला. २००९ साली क्लीव्हलंडच्या धर्मप्रांताने माणसांची, पैशांची आणि धर्मगुरूंची टंचाई पुढे करून सुमारे ५० धर्मग्राम मिटविण्याचे ठरविले. एलिझाबेथचे चर्च त्यातून वाचले. एमेरिकच्या दाराला २०१० च्या उन्हाळ्यात कुलूप लागले. परंतु त्या आवारात मग्यार भाषेची शाळा भरत असे, बालवीरांची मग्यार पथके जमत असत. आठवड्यातून अनेकदा, रविवारची मिस्सा सोडूनही, तेथे मुलांचा गलबला असे. या लोकांनी हार मानली नाही. त्यांनी चर्चच्या कायद्याप्रमाणे थेट रोमकडे दाद मागितली, आणि २०१२ साली रोमने क्लीव्हलंडच्या १३ धर्मग्रामांच्या बाबतीत बिशपांचा निर्णय फिरविला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात एमेरिकचे दार पुन्हा उघडले. जेथे वर्षातून दोन सण तेवढे साजरे होतात अशा वास्तूसाठी दोन वर्षे कागदपत्रे घेऊन रोमशी झगडणारी माणसे मिळाली असती, असे वाटत नाही.

येथे मराठी मंडळांची स्थिती निराळी आहे, हे सांगितले पाहिजे. मंडळाची इमारत बंद करणारा बिशप कोणी नाही. ती विश्वस्तांच्या ताब्यात असते आणि निर्णय सभासदांचा. वरवर पाहता हे सुखाचे वाटते. पण बिशप नाही म्हणजे पडत्या काळात सांभाळून घेणारा धर्मप्रांतही नाही, आणि अन्याय झाला तर दाद मागावयास रोमही नाही. गळते छप्पर, बर्फ, वाहनतळाचे डांबर, विम्याचा हप्ता या गोष्टी दरसाल दारात उभ्या राहतात, आणि त्यांच्यासाठी देणगी मिळविणे संगमरवरी पाटीसाठी देणगी मिळविण्यापेक्षा शतपट अवघड असते. इमारतीसाठी जमलेल्या रकमेचा मोठा हिस्सा न खर्चिता डागडुजीसाठी अलग ठेवण्याची अट घटनेतच घालून ठेवणे, हा उपाय रूक्ष आहे. तोच आधी करावयाचा आहे.

दुसरा उपाय आराखड्यापासून सुरू होतो. परदेशातील मंडळांचे आराखडे बहुधा एकाच साच्याचे असतात: मोठे सभागृह, रंगमंच, तीनशे पानांच्या पंगतीला पुरेल असे स्वयंपाकघर, आणि कोपऱ्यात 'विविध उपयोगाची' म्हणून एक खोली. मराठी शाळा त्या खोलीत भरावयाची असते. पण दिवाळीचे सामान, गणपतीचे मखर आणि जादा खुर्च्याही तेथेच ठेवावयाच्या असतात. फादर बोम यांच्या क्रमाने चालावयाचे तर आराखड्यावर पहिली रेघ त्या खोलीची पडावी: फळा, मुलांच्या उंचीची बाके, पुस्तकांचे कपाट, आणि दर रविवारी वेळेवर कुलूप उघडणाऱ्या शिक्षिकेचे मानधन. रंगमंचाची लांबीरुंदी त्यानंतर ठरवावी.